बिनदोऱ्याची शिवण

रफूबाईंना भोक दिसलं की राहवत नसे. मग ते पडद्याला असो, शेजाऱ्याच्या मोज्याला असो, नाहीतर कुणाच्या बोलण्यात पडलेलं असो. सांगणारा मध्येच अडखळला की पुढचं वाक्य त्या स्वतःच घालून मोकळ्या होत, आणि ते वाक्य बहुतेक वेळा सांगणाऱ्याच्या वाक्यापेक्षा बरं असे, हा भाग वेगळा. बसमध्ये पुढच्या माणसाच्या कॉलरची उसवलेली शिवण बघता बघता त्यांचा स्टॉप मागे पडायचा. एकदा तर त्यांनी एका अनोळखी गृहस्थाला फुटपाथवर थांबवून, पर्समधली सुई काढून, तिथल्या तिथे त्याचा खिसा शिवून दिला होता. गृहस्थ बिचारा पोलिसांनी पकडल्यासारखा हात वर करून उभा.

अशा बाईला एका मोठ्या संग्रहालयाच्या तळघरात नोकरी मिळाली, यात भाग्य तिचं की संग्रहालयाचं ते सांगणं कठीण. तिथे एक लांबलचक पांढरं टेबल होतं, हवा तसा वाकणारा दिवा होता, दांड्यावर बसवलेलं भिंग होतं आणि छताला लागून एक आडवी खिडकी होती. खिडकीतून रस्त्याने जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. बूट, चपला, मधूनच एखाद्या कुत्र्याचे पंजे. अर्धं शहर रफूबाईंच्या ओळखीचं होतं, पण घोट्यापर्यंतच. दुपारी ऊन तिरपं आत आलं की त्या पायांच्या सावल्या टेबलावरच्या जुन्या कपड्यांवरून सरकत जात, आणि वाटे, हे कपडे ज्यांचे होते तीच माणसं इथे फेऱ्या घालताहेत. दुसरी कुणी असती तर घाबरली असती. रफूबाई म्हणत, "जरा बाजूला व्हा हो, टाका दिसत नाही."

त्या वर्षी वरच्या मजल्यावर नवं दालन उघडायचं होतं. दारावरची पाटी चांगली भारदस्त होती, पण पहारेकरीकाका त्याला भुतांचं दालन म्हणत आणि तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. जगाच्या कानाकोपऱ्यातली माणसं ज्यांच्या आधाराने न दिसणाऱ्यांशी बोलत आली, त्या वस्तू तिथे मांडायच्या होत्या. घनदाट रानातल्या नदीकाठचे भोपळ्याचे खुळखुळे होते. आतल्या बिया म्हणे पूर्वजांचे आवाज. कुठल्याशा बेटावरचा लाकडी मुखवटा होता, त्याचं तोंड फडक्याने बांधलेलं, कारण सोडलं तर तो बोलेल. पहारेकरीकाका रोज सकाळी त्या मुखवट्याला "येऊ का आत?" असं विचारूनच दिवे लावत. उत्तर काय मिळायचं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आणि एक अंगरखा होता. बर्फाच्या मुलुखातला, कातड्याचा, बाह्यांना झालरी, पाठीवर लोखंडाचे बारीक तुकडे लटकवलेले. हलवला की लांब कुठेतरी गुरं निघाल्यासारखा आवाज यायचा. तिथल्या देवऋषीचा तो पोशाख. रफूबाईंनी तो टेबलावर पसरला, धूळ टिपली, झालरी एकेक करून सरळ केल्या, आणि डाव्या काखेत त्यांना ते दिसलं. भोक. दोन बोटं जातील एवढं, गोल. कडेने कोणीतरी जुन्या, काळ्या पडलेल्या दोऱ्याने बारीक टाके घातलेले होते.

"घ्या," रफूबाई अंगरख्याला म्हणाल्या, "कोणीतरी शिवायला घेतलं आणि अर्धवट टाकून पळालं."

विभागाच्या मॅडम तेव्हा परगावी होत्या. दालनाचं उद्घाटन तोंडावर आलं होतं. विचारायला हवं होतं खरं. पण राहवलं नाही. रफूबाईंनी त्याच रंगाचं कातडं शोधलं, ते मऊ केलं, कडा कागदासारख्या पातळ केल्या आणि ठिगळ असं बसवलं की बोट फिरवलं तरी लागू नये. इतकं सुंदर काम त्यांच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. त्या दिवशी त्या घरी निघाल्या तेव्हा जिना चढताना चक्क गुणगुणत होत्या.

घरी ताई होती. रफूबाईंची थोरली बहीण. वयात एवढं अंतर, की लोकांना त्या मायलेकी वाटत, आणि ते फारसं चूकही नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटीला धड चालताही येत नव्हतं. ताईने पायमशीनवर लोकांचे कपडे शिवून तिला वाढवलं. धाकटी मशीनखालीच झोपायची, ताईच्या पावलांशेजारी. खटखट खटखट चालू असे तोवर गाढ झोप. खटखट थांबली की टक्क जाग. "ताई, कुठे गेलीस?" "इथेच आहे गं. दोरा संपला." मग पुन्हा खटखट सुरू, आणि पुन्हा झोप. सुई धरायला ताईनेच शिकवलं, आणि बोलायलाही. शाळेत निघताना धाकटी "जाते" म्हणाली की ताई तिला दारातून परत बोलवायची. "जाते नाही म्हणायचं. येते म्हणायचं." धाकटी पाय आपटत म्हणायची, "येते," आणि मगच सुटका व्हायची.

आता ताई म्हातारी झाली होती आणि तिच्या आठवणीला जागोजागी भोकं पडली होती. सकाळी ती ठीक असे. वरच्या मजल्यावरच्या वहिनी दिवसभर तिच्याजवळ येऊन-जाऊन असत, त्यांच्याशी हसत-बोलत असे. पण दिवस कलला की ती दाराकडे बघायला लागे. "आईची यायची वेळ झाली. दार उघडं ठेव गं, तिच्या हातात ओझं असेल."

कोणी दुसरं असतं तर "हो हो" म्हणून विषय बदलला असता. पण इथे गाठ रफूबाईंशी होती. एवढं मोठं भोक समोर दिसत असताना त्या गप्प कशा बसतील? "ताई, आई कधीच गेली. तू आता तिच्याहून म्हातारी आहेस." ताईचा चेहरा उतरायचा. तिच्यासाठी आई त्या क्षणी जायची, नव्याने, रोज. थोडं रडून ती विसरायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दार, पुन्हा ओझं, पुन्हा रफूबाईंचा तोच टाका.

अंगरख्याचं काम संपवून त्या गुणगुणत घरी आल्या, त्याच संध्याकाळी त्यांनी हेही काम एकदाचं पक्कं करायचं ठरवलं. आईचा फोटो आणला, ताईच्या हातात दिला. कधी गेली, कशाने गेली, सगळं नीट सांगितलं. मग उठून दाराला कडी घातली. "आई नाही. ती येणार नाही. हे पुन्हा बोलायचं नाही, कळलं?"

ताईने फोटोकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

त्यानंतर ती एक अक्षर बोलली नाही. पाण्याचे चार घोट कसेबसे जात, पण घासाचा चमचा ओठांशी नेला की तोंड मिटून घेई. रागाने नव्हे, राग असता तर बरं झालं असतं, रागाची समजूत घालता येते. ती तिथे नव्हतीच. डोळे उघडे असत, पण आतून कोणी बाहेर बघत नसे. रफूबाई सकाळी निघताना वाकून "येते हं ताई" म्हणत, आणि उत्तरासाठी उंबऱ्यात थांबत. उत्तर येत नसे.

डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला. "सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर हॉस्पिटलात न्यावं लागेल. नळी घालावी लागेल. आणि या वयात एकदा नेलं की..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. जन्मात पहिल्यांदा रफूबाईंनी समोरच्याचं वाक्य पुरं केलं नाही.

त्या आठवड्यात त्यांना एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडलं. तो अंगरखा डोंगराएवढा झालेला आणि ताई त्याच्या बाहेरून, तळहाताने भिंत चाचपडावी तशी चालतेय. चपला हातात, केस मोकळे, लहान मुलीसारखी. तिला आत यायचंय. ती बरोबर काखेपाशी येऊन थांबते, बोट फिरवते. बोटाला काहीच लागत नाही, इतकं काम सुंदर. मग ती शांतपणे पुढे निघून जाते. रफूबाई आतून ओरडतात, पण कातडं जाड, आवाज बाहेर जात नाही. 

शनिवारी मॅडम परत आल्या. आल्या आल्या तळघरात उतरल्या, अंगरखा पाहिला आणि तोंडभर कौतुक केलं. झालरी पाहिल्या, पाठ पाहिली. मग त्यांचा हात सवयीने डाव्या काखेत गेला. तिथे तो थांबला.

"रफूबाई, इथे एक भोक होतं ना?"

"होतं ना," रफूबाई म्हणाल्या. "दिसतंय का कुठे आता?"

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. रागावल्या नाहीत, उलट कपाळाला हात लावून म्हणाल्या, "माझीच चूक. मी सांगून जायला हवं होतं. ते फाटलेलं नव्हतं हो. ती वाट होती."

"वाट?"

"हा अंगरखा घालणारा इथेच बसायचा, डोळे मिटून. त्याचा जीव मात्र निघायचा. कोणी भेदरलं, कोणाला मोठं दुःख झालं, की त्या माणसाचा जीव अंगातून निसटतो आणि भरकटतो, अशी त्यांची समजूत. मग तो शोधून आणायचं काम याचं. जायचं या काखेतून, परत यायचं ते इथूनच. म्हणून तर त्याला कडेने टाके घातलेत, चिरू नये म्हणून."

रफूबाईंनी भिंग ओढलं. ठिगळाच्या आतल्या बाजूने ते जुने काळे टाके अजून दिसत होते, एकाला एक लागून, गोल. मुद्दाम केलेल्या भोकाची कड. काज! जन्मभर हजारो काजं केली, झोपेत सांगितलं तरी केली असती, आणि हे ओळखलं नाही. अर्धवट राहिलेलं काम दिसलं, कारण त्यांना दुसरं काही दिसायची सवयच नव्हती.

मॅडम बोलत राहिल्या. त्या बोलायला लागल्या की तळघर लांबच लांब होत जायचं, भिंती मागे सरकायच्या. कुठे म्हणे भ्यालेल्या पोराचा सदरा घेऊन आई ते जिथे भ्यालं तिथे जाते आणि सदरा हलवून त्याला हाका मारते. कुठे झोपलेल्याला एकदम उठवत नाहीत. जीव फिरायला गेलेला असतो, त्याला परतायला वेळ द्यावा लागतो. कुठे विणकर विणलेल्या चौकटीत एक बारीक रेघ सोडतात, आपला जीव आत अडकून राहू नये म्हणून. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं, मधे समुद्र, डोंगर, आणि तरी सगळ्यांनी एकच धास्ती घेतलेली. रफूबाईंना वाटलं, यात परकं काय आहे? आपणही म्हणतोच की, जीव थाऱ्यावर नाही, जीव उडाला, जिवात जीव आला. म्हणायचं नुसतं, आणि काखेला ठिगळ लावून मोकळं व्हायचं.

"पण गेलेला परत आला नाही तर?" त्यांनी विचारलं. 

"म्हणून ढोल. कोणीतरी शेजारी बसून ठोका धरायचा. तो चालू आहे तोवर त्याला कळतं, घर कुठल्या बाजूला आहे. मागे ओढायचं नाही, हाका मारून घाबरवायचं नाही. फक्त ठोका चुकू द्यायचा नाही."

 रफूबाईंनी बारीक कात्री घेतली. "मॅडम, हे मीच उसवते."

आयुष्यातलं सर्वांत सुंदर काम त्यांनी टाक्याटाक्याने सोडवलं. जुन्या काठाला धक्का लागला नाही. ठिगळ निघालं, काखेतून पलीकडचा उजेड दिसला, आणि कोणी हात लावलेला नसताना पाठीवरचं लोखंड हलकेच वाजलं. वारा असेल. पहारेकरीकाका दारात उभे होते, त्यांना मात्र वारा पटला नाही, ते दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "मी बाहेरच बरा."

रफूबाई दुपारीच घरी आल्या. वहिनींनी मान हलवली. पाण्याचे दोन घोट सोडले तर ताईच्या पोटात काही नव्हतं. रफूबाईंनी आत येताना सवयीने घातलेली दाराची कडी आधी काढली, दार सताड उघडलं. मग त्या कोपऱ्यातल्या पायमशीनकडे वळल्या. गेली कित्येक वर्षं ते औषधं ठेवायचं टेबल झालं होतं. त्यांनी बाटल्या खाली ठेवल्या, झाकण उघडलं, पट्टा चढवला, जिथे जिथे तेल लागतं तिथे तेल सोडलं. स्टूल ओढून बसल्या. सुईत दोरा ओवला नाही. खाली कापडही घातलं नाही.

खटखट. खटखट. आधी कुरकुर झाली, मग पाय लागला आणि आवाज एका लयीत बसला.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं, ताईच्या पायांवर आलं, तिथून जमिनीवर गेलं. रफूबाई पाय मारत होत्या. पोटऱ्या भरून आल्या. किती वेळ गेला कोण जाणे. वेळ मशीनमध्येच गुंडाळला जात होता. मधूनच त्यांना वाटे की आपण लहान आहोत आणि खाली निजलो आहोत, वर दुसरंच कोणी शिवतंय. मधूनच वाटे, हा काय खुळेपणा, एवढी नोकरी करणारी बाई मी. पण पाय थांबले नाहीत. उघड्या दारातून जिन्यातला गार वारा येत होता.

वहिनी चहाचा कप घेऊन दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. "अहो, सुईत दोरा नाहीये!"

"असू दे."

"मग शिवताय काय?"

"काही नाही. आवाज करतेय."

वहिनींनी कप टेकवला.  त्या उंबऱ्यातच बसून राहिल्या.

आणि अंधारून येता येता रफूबाईंना दिसलं. चादरीवर ताईचं बोट हलत होतं. वर खाली, वर खाली, मशीनच्या लयीत. मग ताईने भिंतीकडचं तोंड वळवलं. डोळ्यांत कुणीतरी परत येऊन बसलं होतं, लांबून चालत आल्यासारखं, दमलेलं.

"आई भेटली," ताई म्हणाली.

जुनं वाक्य रफूबाईंच्या जिभेवर आलंच. आई कधीच गेली, ताई. ते तिथे थांबलं, दातांवर आपटलं. पाय मात्र हलत राहिले. खटखट. खटखट.

"हो? काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"तुझंच विचारत होती. म्हणाली, धाकटी जेवली का?"

रफूबाईंना आई आठवत नव्हती. चेहरा नाही, आवाज नाही, स्पर्श नाही. ताईपाशी निदान वाट बघायला कुणीतरी होतं. रफूबाईंपाशी फोटो होता. आई नाही, आई नाही, असं त्या रोज जे सांगत होत्या ते ताईला सांगतच नव्हत्या, हे त्यांना तेव्हा कळलं. आपल्याला जी कधी मिळाली नाही तिची दुसऱ्या कुणी दार उघडं ठेवून वाट बघावी, हे त्यांना सोसत नव्हतं. आणि ती बाई तिकडे कुठेतरी बसून विचारत होती, धाकटी जेवली का. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा होता, तरी त्यांनी पुसलं नाही.

"नाही जेवले गं," त्या म्हणाल्या. खरंच जेवल्या नव्हत्या. आठवडाभर धड घास गेला नव्हता.

"मग उपाशीच शिवत बसलीस? आण काहीतरी. दोघी खाऊ."

आता पंचाईत आली. उठायचं तर ठोका थांबणार. रफूबाईंनी वहिनींकडे पाहिलं. "वहिनी, या. इथे बसा. पाय मारा."

"मी? मला कुठे येतं!"

"येईल. फक्त थांबू नका."

वहिनी बसल्या. मशीन उलटंसुलटं धावलं, अडलं, पुन्हा धावलं. रफूबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन दूध गरम केलं, त्यात पाव कुस्करला, वर साखर घातली. घाईत अर्धी साखर ओट्यावर सांडली. बाहेरच्या खोलीतून ताईचा आवाज आला, बारीक, पण चांगला खडसावणारा. "कोण चालवतंय ते? ठोका चुकतोय!"

"चुकू दे, चुकू दे," वहिनी रडत हसत म्हणाल्या आणि आणखी जोरात पाय मारायला लागल्या.

एक चमचा ताईने खाल्ला, एक धाकटीला खायला लावला. मग पुन्हा एक ताईने. वाटीच्या तळाला चमचा लागला तेव्हा बाहेर पूर्ण अंधार झाला होता, आणि उघड्या दारातून जिन्यातल्या दिव्याचा पट्टा पलंगापर्यंत आला होता. ताई त्या पट्ट्याकडे बघायला लागली. हळूहळू तिची नजर दाराच्या पलीकडे गेली, तिथे जे कोणी उभं होतं त्याच्यावर स्थिरावली, आणि तिचा चेहरा सैल झाला. तिने धाकटीचा हात थोपटला.

"येते हं," ती म्हणाली.

"ये," रफूबाई म्हणाल्या, आणि वहिनींना उठवून पुन्हा मशीनवर बसल्या.